दुसरी टिक

परशरामचं यंत्र तीन वस्तूंचं होतं. बांबूच्या नळीत एकामागोमाग बसवलेले बॅटरीचे तीन सेल. दोन वायरी, टोकांना गोधडी शिवायच्या सुया डाखलेल्या. आणि कानाला लावायचा एक जुना हेडफोन. तो त्याला कंग्राळीच्या मारुतीरावांनी दिला होता. मारुतीराव लष्करात सिग्नलला हवालदार होते. यंत्र वापरायलाही त्यांनीच शिकवलं.

रेडिओतला कंडेन्सर तपासायचा तर एक सुई त्याच्या एका पायाला धरून ठेवायची आणि दुसरी दुसऱ्या पायाला टेकवायची. कानात टिक वाजते. सुई उचलून पुन्हा टेकवायची. या वेळी काही वाजलं नाही, तर कंडेन्सर चांगला. दुसऱ्यांदाही टिक वाजली, तर तो गळका, वीज आरपार सोडणारा. फेकून द्यायचा. दुकानातला मीटर परशरामला परवडणारा नव्हता, आणि याच्यापुढे मीटरची गरज नाही असं तो म्हणायचा.

हे १९७८ सालचं. परशराम उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला होता. साच्यातून निघालेल्या कास्टिंगची वाळू झाडायची, जादा लोखंड छिन्नीनं तोडायचं, उरलेलं ग्राइंडरवर घासायचं. रोज आठ तास, चौदा वर्षं. कानात चिंधी घातली तर मुकादमाची हाक ऐकू येत नाही, म्हणून कुणी घालत नसे.

वडगावात त्याची भाड्याची खोली होती. खिडकीखाली एक फळी टाकलेली. सुट्टीच्या दिवशी तो तिथं बसायचा. मेलेले रेडिओ आणून सोडवायचा आणि एकेक भाग तीन-तीन वेळा तपासून तंबाखूच्या डब्यांत वेगवेगळा ठेवायचा. गल्लीतले रेडिओ तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. लोक त्याला टिकटिक्या म्हणत. त्याला ते आवडायचं.

समोरच्या घरात देवाप्पा हातमागावर लुगडी विणायचा. त्याची बायको यल्लव्वा कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर चरख्यानं सूत गुंडाळायची. तिच्या कांडीला गल्लीत नाव होतं. सूत घट्ट, सारखं, मधे तुटणार नाही असं. त्या वर्षी त्यांच्या घरात पहिल्यांदा लाईट आली. वायरिंग ज्योतिबानं केलं. ज्योतिबा परशरामचा जोडीदार, दोघं एका सायकलवरून शाळेला गेलेले. लाईट आल्यावर देवाप्पानं कॅम्पातून जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आणला. तो बंद होता. परशरामनं पाच सुट्ट्या घालवून तो चालू केला.

तो बिनट्रान्सफॉर्मरचा सेट होता. असल्या सेटात घरातली वीज थेट आतल्या पत्र्यावर येऊ शकते. तो पत्रा आणि बाहेरची एरियलची तार यांच्यामधे आडवा असतो फक्त एक कंडेन्सर; तो गळला तर वीज तारेत उतरते. तो परशरामनं आपल्या डब्यातला घातला. तीन वेळा तपासून घातला.

एरियलची तांब्याची तार परसातून आडवी गेली होती. तिच्यावर कपडे वाळत घालू नका असं त्यानं सांगितलं होतं. सगळ्या घरांत सांगितलं होतं आणि सगळ्या घरांत घालत होते. दिवाळीनंतर एका सकाळी यल्लव्वा धुण्याच्या दगडावर चढली आणि ओलं लुगडं तारेवर टाकायला गेली. आत रेडिओ चालू होता. तिचा हात तारेला चिकटला, मग सुटला, आणि ती दगडावरून खाली उजव्या मनगटावर आली.

सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. काढलं तेव्हा मनगट वाकडं जुळलं होतं आणि मधली तीन बोटं मिटत नव्हती. सुताचं टोक तिच्या चिमटीत राहीना.

गल्लीनं ज्योतिबाला धरलं. लाईट नवी, वायरिंग त्याचं, करंट त्याचाच. पॉवरलूमवाल्यांनी त्याला बोलवायचं बंद केलं. दोन महिने त्याच्या हाताला काम नव्हतं. शेवटी तो परशरामकडे आला. वायरिंग दोनदा तपासलंय, म्हणाला, कुठं काही नाही. एकदा रेडिओ उघडून बघ. देवाप्पानं तो केव्हाच परशरामच्या खोलीत आणून टाकला होता.

परशरामनं उघडला नाही. त्यातला एकेक भाग माझ्या हातून गेलाय, म्हणाला.

"तुझं यंत्र चुकत न्हाय, माझी वायर चुकत न्हाय," ज्योतिबा म्हणाला. "मग बाई पडली कशानं, परशा?"

महिनाअखेरीला गोव्याला जातो, ज्योतिबानं सांगितलं, तिकडं बिल्डिंगांची कामं आहेत. म्हातारीला इथंच ठेवावं लागेल. चहा न घेता तो गेला.

पुढच्या सुट्टीला परशरामनं रेडिओ उघडला. ज्योतिबासाठी नव्हे. आपलं खरं आहे हे दाखवायला. एरियलचा कंडेन्सर सोडवला, हेडफोन लावला, सुया टेकवल्या. टिक. पुन्हा टेकवल्या. काही नाही. चांगला.

उद्या कुणी खोटं म्हणू नये म्हणून त्यानं साक्षीदार करायचं ठरवलं. बायको सुलाबाई तांदूळ निवडत होती. तिच्या कानाला हेडफोन लावला. वाजलं की व्हय म्हण, म्हणाला.

त्यानं सुई टेकवली. "व्हय," ती म्हणाली. पुन्हा टेकवली. "व्हय." तिसऱ्यांदा. "व्हय."

माझ्या हाताकडं बघून बोलू नको, म्हणाला. तिला भिंतीकडं तोंड करून बसवलं. मग एकदा सुई टेकवली. नंतर मनात वीस मोजले. मग लागोपाठ दोनदा. नंतर नुसताच बसून राहिला. ती चुकली नाही. जेव्हा जेव्हा सुई टेकली तेव्हाच व्हय आलं.

त्यानं डब्यातला दुसरा कंडेन्सर काढला. एकच व्हय आलं, पुढं काही नाही. तिसरा काढला. तसंच. पुन्हा पहिला लावला. व्हय, व्हय, व्हय.

हेडफोन घेऊन त्यानं स्वतः ऐकलं. एक टिक. मग काही नाही. श्वास धरून ऐकलं. काही नाही.

"पयली मोठी वाजती," सुलाबाई म्हणाली. "म्होरल्या बारक्या हाईत. पन वाजत्यात."

तो फळीवर हात ठेवून बसला. तिनं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "भाकरी थापताना हाक मारते, तुमी वळत न्हाईसा. मला वाटायचं, रागात असतासा."

कंडेन्सर बोटाच्या पेराएवढा होता. बाहेर चूल पेटलेली होती. तिच्यात टाकला असता तर पाच मिनिटांत राख झाली असती, आणि सुलाबाई कुणाला बोलली नसती. परशराम बराच वेळ तो चिमटीत धरून बसला. मग त्यानं खिशात घातला, ज्योतिबाला घरून बोलावून घेतलं आणि काही न सांगता देवाप्पाच्या दारात नेलं.

देवाप्पा मागावर होता. परशराम उभ्यानंच बोलला. कंडेन्सर गळका होता, तो मी घातला, मला ऐकू आलं नाही, माझे कान गेलेत, वायरिंगचा दोष नाही. एवढंच. मोठ्यानं बोलला असावा, कारण शेजारच्या दोन मागांचाही आवाज थांबला.

देवाप्पा मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यातून वर आला. त्यानं परशरामचा सदरा धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि सोडला. बोलली यल्लव्वा. उजवा हात मांडीवर उताणा ठेवून ती भिंतीला टेकून बसली होती.

"तुझं कान गेलं. माझा हात गेला," ती म्हणाली. "आता कांड्या कोन भरनार?"

परशराम तिच्या ओठांकडं बघत राहिला.

"उद्यापास्नं तू भरायच्या. कामावरनं सुटलास की."

बाप्या माणसानं चरख्यावर बसायचं म्हणजे, देवाप्पा पुटपुटला.

"हात हाईत न्हवं त्येला," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ज्योतिबानं सायकलचं स्टँड काढलं. "मी आलतो तवाच उघडला असतास तर," एवढं बोलून तो गेला. त्याची कामं हळूहळू परत आली, सगळी नाहीत. गोव्याला तो गेला नाही. परशरामच्या खोलीवरही पुन्हा आला नाही.

परशरामनं गल्लीत नऊ रेडिओ दुरुस्त केले होते. पुढच्या चार सुट्ट्या तो सुलाबाईला घेऊन त्या नऊ घरांत गेला. तो सुया टेकवायचा, ती ऐकायची. आणखी दोन कंडेन्सर गळके निघाले. ते बदलले. मग फळी काढून ठेवली.

फौंड्रीतून सुटल्यावर लोखंडाची भुकटी हातावरून निघायला दोनदा साबण लागायचा. बोटांच्या भेगांत सूत अडकायचं, म्हणून आधी तेल चोळायचं आणि मग ते पुसून टाकायचं, नाहीतर सुताला डाग पडतो. पहिल्या दिवशी त्यानं सतरा कांड्या भरल्या. यल्लव्वानं एकेक डाव्या अंगठ्यानं दाबून पाहिली. अकरा ढिल्या होत्या. त्या तिनं सोडून टाकायला लावल्या. जाणारे-येणारे दारात थांबून हसायचे. नवी सून आलीय, म्हणायचे. त्याला ते ऐकू येत नसे, दिसायचं.

आठ वर्षं तो तिथं बसला. सत्त्याऐंशी साली देवाप्पानं हातमाग मोडला आणि दुसऱ्याच्या पॉवरलूमवर कामाला गेला, तेव्हा थांबला. तोवर परशरामला चरख्याचा आवाजही येईनासा झाला होता. ढिली कांडी निघाली की यल्लव्वा बोलायची नाही, ती उचलून त्याच्या मांडीवर ठेवायची. शेवटच्या वर्षीही आठवड्याला एखादी कांडी मांडीवर येत होती.