तळहाताखालचं उत्तर

जगातल्या कुठल्याही दोन भांडणाऱ्या गोष्टींचा समेट होऊ शकतो यावर माझ्या साडूंइतका विश्वास मी कोणाचा पाहिला नाही. मात्र तो समेट छापील चार पर्यायांत सापडेल यावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. नव्वदच्या दशकात गावोगाव बँकेच्या परीक्षांची साथ आली, तेव्हा काष्टीत मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत ते पोरांना तर्कशक्ती शिकवत आणि स्वतःही त्याच परीक्षा देत. जीव अडकलेला विरोधाभासाच्या प्रश्नांत. अशा प्रश्नात दोन विधानं असतात, दोन्ही खरी, पण एकमेकांचं तोंड न पाहणारी; दोघांना एका पंगतीला बसवणारं तिसरं विधान चार पर्यायांतून निवडायचं. साडूंचा दंडक असा, की आधी पर्यायांवर तळहात ठेवायचा. "पर्याय म्हणजे परक्याचं डोकं," खालच्या मोटरींच्या घरघरीवर आवाज चढवून ते सांगत. "आधी आपलं चालवा!"

हे खोलीपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. साखर कारखान्याच्या सभेत अध्यक्षांनी गळ्यात दोन हार असताना यंदाचं गाळप विक्रमी झाल्याचं सांगितलं, आणि तिसरा हार स्वीकारून उसाला भाव वाढवून देणं परवडत नसल्याचंही सांगितलं. साडू उठले. "साहेब, दोन्ही विधानं आम्हाला मान्य आहेत. आता दोन्ही एकदम खरी ठरवणारं तिसरं तेवढं सांगा." मागून कोणीतरी शिट्टी मारली. "तिसरं चहानंतर घेऊ," अध्यक्ष म्हणाले. चहानंतर अध्यक्षांची गाडी जागेवर नव्हती. विरोधी गट लगेच उमेदवारी घेऊन साडूंच्या दारात आला. साडूंनी त्यांच्याच जाहीरनाम्यातली दोन विधानं त्यांच्यापुढे ठेवली, आणि तेही चहा न घेता गेले.

वयाची अट संपत आली आणि एकच परीक्षा उरली, तेव्हा मेहुणीनं त्यांना समोर बसवलं. "अहो, ह्या खेपंला ते भांडनाचे प्रश्न शेवटी घ्या. सोपे आधी. नोकरी लागू द्या, मग जल्मभर समेट करा." साडूंनी मान डोलावली. नगरला केंद्राबाहेर मी थांबलो होतो. साडू बाहेर आले ते नवरदेवासारखे उजळून.

"काय सुंदर प्रश्न होता! गावाला पक्का रस्ता झाला आणि गावचा बाजार ओस पडला. का?"

"लोक शहरात जाऊ लागले असतील."

"हेच छापलंय त्यांनी! आपल्या काष्टीला रस्ता झाला, बाजार उलट वाढला की नाही? खरं कारण मी शोधलं. ते चारांत नव्हतंच."

"मग खूण कशावर केलीत?"

"खोट्यावर कशी करणार?"

"आणि बाकीचे प्रश्न?"

"ते सोपे होते," साडू जरा हळू म्हणाले. "तेवढ्यात घंटा झाली."

निकालात साडू नव्हते. त्यांची पोरं मात्र होती. त्यांतला एक भर दुपारी पेढे घेऊन आला. साडू वर फळा पुसत होते. जिन्याखाली मला आणि मेहुणीला पेढा देत तो हसत म्हणाला, "सरांनी डोकं चालवायला शिकवलं, खोटं न्हाई. पन सर फळ्याकडं वळले की आमी हात उचलून पर्याय बघायचो."

मेहुणीचा पेढा हातातच राहिला. "वर जाऊन हे बोलू नको, बाबा," ती म्हणाली.

जेवायला बसल्यावर साडूंनी सुरुवात केली. "दोन विधानं. माझी पोरं पास होतात. मी होत नाही. दोन्ही खरी." ते भातात बोट फिरवत राहिले. मग, मी त्यांना ओळखत असल्यापासून पहिल्यांदाच, म्हणाले, "पर्याय सांग बरं."

मेहुणीनं माझ्याकडे पाहिलं. बोलण्यात ती कधी कुणाला हार गेलेली नव्हती.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "आमटी घ्या."

नको म्हणून साडूंनी ताटावर आडवा धरलेला तळहात तिनं हळूच बाजूला केला, आणि आमटी वाढली.