आयचं खरं वजन

आमच्या आयने उभं आयुष्य सानपाड्याच्या बाजारात मासळी विकली, पण मापात पाप कधी केलं नाही. पारडं टेकल्याशिवाय ती हात काढायची नाही, वर चार कोळंब्या फुकट टाकायची. अशी ही बाई स्वतःच्या वजनाबाबत मात्र बेधडक खोटं बोलायची, आणि ते आम्हाला फार उशिरा कळलं.

तिचे गुडघे गेले तेव्हाची गोष्ट. बाजारातल्या तिच्या ओट्यापर्यंत तिला दोघींनी धरून न्यावं लागे. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, चालायला लागतील; फक्त आधी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करून आणा. मी बाहेर फाईल सांभाळत बसले. आत काय झालं ते आयने नंतर सांगितलं. तपासणाऱ्या माणसाने छातीवर गार जेली लावून यंत्र दाबलं, ‘चरबीमुळे नीट दिसत नाही’ म्हणून वैतागला आणि चटकन मोकळा झाला. रिपोर्टमध्ये हृदयाचा डावा कप्पा बराच वाढलेला निघाला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तो वाचून ऑपरेशन पुढे ढकललं.

पुढे ढकललं ते आमच्या घरात रद्दच झालं. आयने सुके बोंबील सोडले, मीठ सोडलं, बोलणंही सोडलं. जिची हाक अख्ख्या बाजाराला ऐकू जायची, ती जुईनगरच्या आमच्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. एका संध्याकाळी तिने शेजारच्या ओट्यावरच्या मासळीवालीला फोन केला. “माझ्या वट्यावं आता तूच बस गो,” म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग मला राग आला. मी मूळची तापट, आयचीच लेक. नीट दिसलंच नाही, तर वाढलंय हे कळलं कसं? त्याच रागात मी तिला रिक्षात घातलं आणि वाशीला हृदयाच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“मावशी, आधी काट्यावर उभ्या राहा,” बाई म्हणाल्या.

आयने काट्याकडे शिळा बांगडा बघावा तसं पाहिलं. “लिवा ना, ऐंशी हाय.”

“काटा सांगेल ते लिहिते.”

काट्याने अठ्ठ्याण्णव सांगितले. बाईंनी जुना रिपोर्ट काढला. त्यावर ऐंशी होते. “मावशी, एका महिन्यात अठरा किलो?”

आय उसळलीच. “बाप्या मानूस वजन इचारतो! त्याला कशाला खरा सांगायचा? त्यो काय मना इकत घेनार हाय?”

बाई हसत हसत खुर्चीत बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण शेवटी मलाही हसू आवरलं नाही.

मग त्यांनी नीट समजावलं. हृदयाचं माप शरीराच्या मापाने भागून बघतात. शरीर लहान सांगितलं की तेच हृदय जास्त मोठं ठरतं. पण नुसत्या खऱ्या वजनावरही त्या थांबणार नव्हत्या. जाड माणसाच्या वजनाने भागलं तर वाढलेलं हृदयही बेतशीर वाटू शकतं, म्हणून त्या उंचीनेही भागून बघणार होत्या. शिवाय चरबीच्या थरातून हृदयाच्या कडा धूसर दिसतात, एका मापावर विसंबून चालत नाही.

आय हे सगळं मन लावून ऐकत होती. “म्हंजे खाडीच्या गढूल पान्यासारखा,” ती म्हणाली. “मासा दिसतो, पन केवढा हाय ता कलत नाय.”

“अगदी तसंच. म्हणून घाई करायची नाही.”

आणि त्यांनी खरंच घाई केली नाही. आयला डाव्या कुशीवर वळवलं, हात डोक्याखाली घ्यायला लावला, श्वास सोडून तसाच धरायला सांगितलं. जागा बदलत, तेच माप पुन्हा पुन्हा घेत राहिल्या. मी पडद्याकडे पाहत होते. त्या करड्या धुरकटात काहीतरी उघडत-मिटत होतं. आय इतके दिवस ज्याला घाबरत होती ते हेच, आणि ते बिचारं आपलं काम करत होतं.

“कप्पा थोडा वाढलाय,” बाई म्हणाल्या, “रिपोर्टमध्ये म्हटलंय तेवढा नाही. बीपीमुळे असणार, गोळी देते. पण हृदयाचा जोर चांगला आहे. बीपी ताब्यात आलं की ऑपरेशनला माझी ना नाही.”

“म्हंजे चालंन ना मी?” आयने विचारलं. बाईंनी हो म्हटलं, तरी तिने पुन्हा विचारलं.

बीपी ताब्यात आलं, ऑपरेशनचा दिवस ठरला. भरती करताना नर्स फाईल उघडून बसली. पलीकडच्या खाटांवर माणसं होती, त्यांचे नातेवाईक होते, एक वॉर्डबॉयही होता.

“आजी, वजन ऐंशी ना? आधीच्या कागदावर आहे.”

“खोटा हाय ता,” आय सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “काटा आन. माझ्यासमोर बघ नि मंग लिव.”

बाजारातला तो आवाज कितीतरी दिवसांनी ऐकला, आणि माझे डोळे भरून आले. काट्यावरून उतरल्यावर तिने माझा मोबाईल मागून घेतला आणि त्याच शेजारणीला फोन लावला.

“माझा वटा धुवून ठेव गो. मी येतंय.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

“नाय,” आय म्हणाली, “आता तू नको बसू त्याच्यावं.”