आमचा काळा संघ आणि शिरडचा मिलिंद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, संघातल्या चौघांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय — पण सुरुवात कुठून करू? सायकलींपासूनच करतो. कारण आजही त्या शर्यती आठवल्या की पोटऱ्या आपोआप ताठ होतात.

आमच्या हट्टा गावात केबल आली ती नव्वदीचं दशक सरता सरता. सगळे क्रिकेट बघायचे. मी एकदा चॅनेल बदलताना युरोपातली ती मोठी सायकल शर्यत पाहिली — डोंगर, बर्फ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती — आणि अडकलोच. त्यात एक संघ होता, काळ्या कपड्यांचा. पुढे तो, मागे बाकीचं जग. सगळे एका रेषेत, चाकाला चाक लावून. पुढचा दमला की बाजूला व्हायचा, दुसरा वारा अंगावर घ्यायचा, आणि हे सगळं एकाच माणसासाठी, त्यांच्या नायकासाठी. शेवटच्या चढावर तो रांगेतून सुटला की मी खाटेवर उभा राहायचो. वडील म्हणायचे, "काहून ओरडून राहिला रे? ते काय तुला जेवायला बोलावून राहिले?"

त्यांना काय सांगणार? मला त्या संघाचं सगळंच हवं होतं. ती शिस्त, ते थंड चेहरे. म्हणे ते जेवण तोलून खातात, शर्यतीतला प्रत्येक चढ आधी येऊन चढून बघतात. इतरांपेक्षा जास्त मेहनत, बस्स, एवढंच त्यांचं गुपित — हे मी गावभर सांगत फिरायचो, जणू त्या संघानं मलाच नेमलं होतं.

मग आमचा संघ निघाला. आम्ही पाच जण, सगळी बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरची पोरं. वसमतहून बनियनं काळी रंगवून आणली. पहिल्याच घामात रंग उतरला आणि आमच्या छात्या काळ्या झाल्या. टीव्हीतल्या सायकलवाल्यांसारखे पायांवरचे केस काढायला गेलो, तर न्हावी वस्तरा खाली ठेवून हसत बसला. रोज पहाटे, हळद शिजल्याचा वास अंगावर घेत, आम्ही रस्त्यावर रांग धरायचो. आणि शेवटी रांगेतून सुटायचा तो मी. नायक दुसरा कोण होणार? संघ माझा, टीव्हीही माझाच.

जिंकलो की! एकामागून एक शर्यती जिंकलो. "काळे आले, काळे आले" म्हणत लोक रस्त्याच्या कडेला यायचे. काय दिवस होते ते — वाटायचं, आपण हट्ट्यातून थेट त्या बर्फाच्या डोंगरावर चाललोय.

आणि मग मिलिंद आला.

शिरड शहापूरचा, बौद्ध वस्तीतला. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. तो रोज सायकलनं वसमतला कॉलेजला यायचा, तोच त्याचा सराव. संघ नाही, रंगीत कपडे नाहीत, कॅरिअर काढून टाकलेली साधी सायकल. एका शर्यतीआधी तो माझ्याशेजारी उभा होता. कागदाच्या पुडीतून काहीतरी तोंडात टाकलं, मग पुडी माझ्यापुढे केली. "घ्या दादा. गूळ-शेंगदाणे हायेत." मी घेतले. खाल्ले. हे लक्षात ठेवा — मी ते खाल्ले होते.

त्या वर्षीची मोठी शर्यत वसमतहून औंढ्याला होती. तिच्यातून जिल्ह्याचं एक नाव राज्याच्या शर्यतीला जाणार होतं. आम्ही अगदी टीव्हीतल्यासारखे निघालो. वारा समोरून, रांग घट्ट, मागचे एकेक गळत गेले. मिलिंद मात्र शेवटच्या चाकामागे चिकटून. आमच्या पोरांनी त्याला कडेच्या मातीत ढकलायचा प्रयत्न केला — मीच सांगितलं होतं तसं — तरी तो परत आला. शिरड आलं तेव्हा अख्खा रस्ता त्याच्या नावानं दुमदुमला. आणि औंढ्याच्या अलीकडच्या चढावर मी सुटलो, सगळा जोर लावून सुटलो, आणि तो माझ्या बाजूनं वर गेला. अगदी सहज. खोटं कशाला बोलू? इतकं सुंदर सायकल चालवणं मी टीव्हीवरही पाहिलं नव्हतं. एक क्षण मी त्याच्यासाठीच ओरडणार होतो.

तो पहिला, मी दुसरा.

नाव पाठवायचं काम शर्यत भरवणाऱ्या एका क्रीडाशिक्षकांकडे होतं. त्यांनी मला बाजूला बोलावून सहज विचारलं, एकटं पोरगं तुम्हा पाच जणांना कसं भारी पडलं? मी घाम पुसत होतो. विचार केला का? केला. चांगला केला.

"गोळी खातो तो, सर. शर्यतीआधी पुडीतून घेताना मी पाहिलंय."

एवढंच. त्यांनी पुरावा मागितला नाही. इतर कुणीही मागितला नाही. वस्तीतलं पोरगं पाच मोठ्या घरच्या पोरांना मागं टाकतं, म्हणजे काहीतरी गडबड असणारच — हे लोकांच्या मनात आधीच तयार होतं. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बोललो.

नाव माझं गेलं.

चार-सहा दिवसांनी मिलिंद आमच्या अंगणात आला. आत ये म्हटलं तरी सायकल धरून उभाच. कॉलेजात पोरं त्याला 'गोळी' म्हणून हाक मारत होती. वडिलांनी त्याला समोर बसवून विचारलं होतं, खरं सांग.

"दादा, असं कोण बोललं, तुमाला ठाव असंल."

"न्हाई बा. मला काय माहीत?"

"तुमी तर गूळ खाल्ला होता माझ्या हातचा. तुमी सांगा ना सरांना. तुमचं ऐकतेन ते."

मी म्हणालो, सांगतो. त्याचा चेहरा उजळला. तो माझा आभारी होऊन गेला.

मी सांगितलं नाही. राज्याच्या शर्यतीला काळं बनियन घालून गेलो, पार मागे राहिलो, आणि तरी गावात येऊन महिनाभर रंगवून सांगत बसलो. मिलिंद पुन्हा शर्यतीत उतरला नाही.

त्याच वर्षांत टीव्हीवरच्या माझ्या संघाबद्दल कुजबुज सुरू झाली, औषधं घेतात म्हणून. मी किती भांडलो! पुरावा कुठंय? जिंकणाऱ्यावर जळतात सगळे! चहाच्या टपरीवर माझा आवाज चढायचा. सातासमुद्रापारच्या माणसांसाठी मी पुरावा मागत होतो. पुढे त्यातल्या काहींनी स्वतःच कबूल केलं, आणि मी दोन दिवस जेवलो नाही. मिलिंदसाठी मी एक घासही सोडला नव्हता.

काही वर्षांनी वारंगा फाट्यावर खिचडी खायला थांबलो होतो. मिलिंद भेटला. बँकेत लागला होता, सोबत बायको आणि लहानगी पोरगी. त्यानं पोरीला माझ्यासमोर उभं केलं. म्हणाला, "ह्या काकांचा संघ लई भारी होता. अन् माझ्यावर आळ आला तवा हे एकटे माझ्या बाजूनं बोलले सरांपाशी."

पोरीनं माझ्याकडं मान वर करून पाहिलं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "व्हय."