अण्णांनी बुजवलेलं नेटवर्क

आमच्या लातूरच्या घरात भिंतीला भोक पाडायला मनाई आहे. साधा खिळा ठोकायचा तरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारून. भूकंपात आमचं घर उभं राहिलं ते केवळ भिंतींच्या मेहेरबानीनं, असं त्यांचं ठाम मत. तेव्हापासून रोज चहा झाला की ते बॅटरी घेऊन भिंती बघत फिरतात. भेग दिसली की सिमेंटनं बुजवायची, वर कागदाची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावर तारीख घालायची. पट्टी फाटली तर भेग वाढली. (आमच्याकडे कॅलेंडरपेक्षा भिंतींवर जास्त तारखा आहेत.)

भूकंपानंतर सात-आठ वर्षांनी मी दहावीच्या विज्ञानाचा स्वतःचा क्लास काढला. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि पोरं पहिली टेस्ट बघून सर पसंत करायची. माझी पहिली टेस्ट रविवारी सकाळी आठला. पेपर बाहेरच्या खोलीतल्या नव्या कॉम्प्युटरमध्ये, प्रिंटर आतल्या खोलीतल्या जुन्याला. म्हटलं, दोन्ही जोडून टाकू. अण्णा अहमदपूरला आत्याकडे गेले होते. ती संधी साधून कपाटामागे ड्रिलनं भोक पाडलं, निळी वायर आरपार नेली आणि कपाट होतं तसं सरकवलं. शुक्रवारी बाहेर बटण दाबलं की आत कागद निघत होता. मी हे बायकोला, संध्याला, तीन वेळा दाखवलं. चौथ्यांदा ती आलीच नाही.

शनिवारी सकाळी अण्णा परतले. दुपारी मी पेपर छापायला बसलो, तर नव्या कॉम्प्युटरला जुना दिसेना.

"फ्लॉपीत घालून आत आणा की," संध्या म्हणाली.

"मग नेटवर्क कशाला टाकलंय?" मी म्हणालो.

दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. सेटिंगमधले आकडे बदलले, परत होते तेच घातले. शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या सलीमभाईला फोन लावला.

"सर, मागं हिरवी लाइट लागायलीय का?"

"नाही."

"मग पहिलं वायर बघा."

"सलीमभाई, वायर मी स्वतः टाकलीय. विज्ञान शिकवतो मी."

"हाव सर," तो म्हणाला, "मग तुमीच बघा."

कॉम्प्युटरमधलं नेटवर्कचं कार्ड जळालं, असं मी ठरवलं. बाजारातून नवं आणून बसवलं. काही फरक नाही. मग जुन्यात विंडोज पुन्हा टाकलं, तर तो समोरचा प्रिंटरही ओळखेनासा झाला. त्याची सीडी हुडकून तो पुन्हा ओळखीचा करेपर्यंत संध्याकाळ झाली. उद्या फळ्यावर पेपर लिहिला, तर पोरं सरळ समोरच्या गल्लीतल्या सरांकडे जाणार.

"काय करायलास रे दुपारपसनं?" खुर्चीतून अण्णांनी विचारलं.

"दोन कॉम्प्युटर जोडायलोय. जमेना."

"ते जाऊ दे. कपाटामागं भोक पडलंय, बघितलास का? घुशीचं काम. आत कसली तरी निळी वायर बी व्हती. सकाळीच दोन्हीकडनं कापली अन् सिमेंट भरून टाकलं."

कपाट सरकवलं. भिंत तळहातासारखी गुळगुळीत, वर पट्टी, पट्टीवर त्याच दिवसाची तारीख.

"भोक मात्र एकदम गोल व्हतं," अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले. "शिकलेली घूस दिसायलीय."

मुकाट्यानं पेपर फ्लॉपीत घेतला आणि आत नेला. (अकरा पावलं.) प्रिंटर कुरकुरला, पहिला कागद बाहेर आला आणि माझा जीव भांड्यात पडला. संध्यानं तो उचलून मोठ्यानं वाचला, "प्रश्न पहिला. परिपथातला बल्ब लागत नसेल, तर सर्वांत आधी काय तपासाल? एक गुण."

"वायर," अण्णा खुर्चीतूनच म्हणाले. ते चौथी पास आहेत.

टेस्ट झोकात झाली, पोरंही टिकली. पेपर तपासले, तर पहिला प्रश्न एकूण एक पोरांचा बरोबर होता. म्हणजे अख्ख्या क्लासात त्यात नापास झालेला मी एकटाच.