उभ्या गाडीचं भाडं

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम टोळी मोजतो ती अशीच: वीस कोयते, म्हणजे वीस जोडपी. दसरा झाला की पाथर्डीकडचं आमचं गाव ओस पडायचं आणि माझे आई-वडील बैलगाडीत भांडी, बाजरी आणि मला घालून साखर कारखान्याच्या वाटेला लागायचे. पुढचे पाच-सहा महिने उसाच्या पाचटाची कोपी हेच घर. तिच्यात वाकून शिरायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. आईच्या हातांवर पाचटानं कापल्याच्या रेघा असायच्या. मिरची वाटायची वेळ आली की ती वडिलांकडे बघायची आणि ते गुपचूप पाट्यावर बसायचे. बाहेर कुणाला हे सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. आता सांगते.

पण तोडणीपेक्षा वाईट होती ती कारखान्याच्या फाटकाबाहेरची रांग. गाडी भरून आणायची आणि नंबर येईपर्यंत उभं राहायचं. कधी एक दिवस, कधी दोन. उन्हात ऊस वाळायचा, वजन घटायचं, आणि मजुरी तर वजनावर. उभं राहिल्याचं कुणी काही देत नसे. वडील बैलांच्या सावलीला बसून म्हणायचे, "उसासंगं आपन बी वाळतोय."

त्याच कारखान्याच्या कचेरीत एकदा ते शेअर मागायला गेले होते. मी बरोबर होते. कारकुनानं विचारलं, "ऊस किती तुझा?"

"रोज गाडीभर."

"अरे, जमीन किती? उसाची लागण किती?"

"लागन न्हाई. तोडतो मी."

कारकून शेजारच्या टेबलाकडे बघून हसला. "हा म्हणतो, तोडतो म्हणून शेअर द्या. बाबा, ज्याचा ऊस त्याचा शेअर. तोडलेला तुझा होत नाही."

वडील पायऱ्या उतरून बैलांकडे गेले. मी मात्र ते वाक्य जपून ठेवलं.

मी शिकले ती श्रीरामपूरच्या मिशन बोर्डिंगमुळे. तिथल्या सिस्टरांनी मला ठेवून घेतलं आणि आई-वडिलांनी माझ्या वाटणीचं काम अंगावर घेतलं. नगरच्या कॉलेजातून बी. एस्सी. झाले. आमच्या सगळ्या भावकीत, पुरुष धरून, पहिली. श्रीरामपूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले आणि पहिल्याच महिन्यात आई-वडिलांना म्हणाले, कोयता ठेवा आता, माझ्याकडे या.

वडील म्हणाले, "लेकीच्या पगारावर बसून खायाचं? गाव काय म्हनंल?"

"गावाला मी उत्तर देईन."

"तू देशील गं. घास माझ्या नरड्याखाली उतरला पायजे ना."

इथं माझं शिक्षण तोकडं पडत होतं. त्यांना बसवायचं तर त्यांचं स्वतःचं काहीतरी हवं होतं, आणि जमीन म्हणावी तर दगड.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. चारा नाही, पाणी नाही. बैल विकावे लागले. पैसे वडिलांनी आईच्या लुगड्यात गुंडाळून ठेवले. माझा मामाच मुकादम. तो म्हणायचा, "दाजी, पाऊस झाला की त्याच पैशात दुसरी जोडी घ्या. गाडी रिकामी ठिवू नका."

त्र्याहत्तर साली पेपरात वाचलं की सरकारनं समुद्रात विहीर खणणारं जहाज आणलंय. मुंबईपासून लांब, भर समुद्रात तेल शोधणार. तेल लागलं तर ते सरकारचं; त्या विहिरीचा शेअर आपल्याला मिळणार नव्हता. पण काही दिवसांनी त्याच पेपरात एका खाजगी कंपनीची जाहिरात आली. समुद्रातल्या विहिरींवर पाइप, सिमेंट, गोडं पाणी पोचवणारे बार्ज ती बांधणार होती आणि चालवणारही होती. त्यासाठी लोकांना शेअर देत होती. मी जाहिरात चारदा वाचली. सातबारा कुठंच मागितला नव्हता.

वडिलांना वाचून दाखवली. ते तंबाखू मळायला लागले.

"बारज म्हंजी?"

"सपाट, मोठी होडी. माल वाहायची."

"म्हंजी पान्यातली बैलगाडी."

"तसंच."

"आन् तेल लागलं न्हाई तर?"

"तर दुसरीकडं खणतील. तिथंही माल न्यावाच लागेल."

"व्हय. हीर कोरडी निघाली म्हनून गाडीवान फुकट जात न्हाई." मग आईकडे वळून म्हणाले, "काढ पैसं."

अर्ज मी त्यांच्या नावानं भरला. बँकेतल्या कारकुनानं व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाई, इथं शेती लिहा. ऊसतोड कामगार बरं दिसत नाही."

"बरं दिसण्यासाठी लिहिलेलं नाही. खरं आहे म्हणून लिहिलंय."

"मुंबईचे लोक हसतील."

"हसून झालं की पैसे जमा करून घेतील."

त्यानं शिक्का मारला.

गावात मात्र शेअर म्हणजे साखर कारखान्याचाच. सभासदाला दिवाळीला साखर मिळते, हे सगळ्यांना ठाऊक. त्या हिशेबानं आईनं रॉकेलचा एक डबा घासून उन्हात पालथा घालून ठेवला. दिवाळीला शेअरवर तेल येईल म्हणून. मी समजावलं तोवर गावभर झालं होतं. मामा दारातूनच विचारायचा, "मास्तरीणबाई, तेलाची गाडी आली का? का वाटंत सांडलं?" तो मोसम आई-वडील दुसऱ्याच्या गाडीवर तोडायला गेले, निम्म्या मजुरीवर. मी माघार घेतली नाही.

चौऱ्याहत्तरच्या सुरुवातीला समुद्रात तेल लागलं. मामा म्हणाला, "सरकारला लागलं, दाजीला न्हाई." ते खोटंही नव्हतं.

पावसाळा सरता सरता कंपनीच्या सभेचं पत्र आलं. कुणी जात नाही अशा सभेला, असं शाळेतले सर म्हणाले. वडील म्हणाले, "बोलावलंय तर जायाचं." धुतलेलं धोतर, पटका, खिशात ते पत्र, आणि सोबत मी. मुंबईत दारावरच्या माणसानं त्यांना थांबवलं तेव्हा त्यांनी पत्र पुढं केलं. त्यानं नाव ताडून बघितलं आणि वाट दिली.

सभा इंग्रजीत झाली. लाभांश थोडका होता, पण होता. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही विचारायचंय? वडील उठले. मी त्यांचं धोतर ओढलं नाही, हे मी अभिमानानं सांगते.

"माल घिऊन गाडी हिरीवर गेली," ते म्हणाले. "दर्या खवळलाय, कोन माल उतरून घेत न्हाई. दोन दिस गाडी हुभी. त्या हुभ्या गाडीचं भाडं कोन देतं?"

मागं कुणीतरी हसलं. अध्यक्ष मराठी होते. ते हसले नाहीत. त्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत विचारलं, त्यानं कागद चाळले. मग अध्यक्ष म्हणाले, "आपला करार दिवसावर आहे, वजनावर नाही. बार्ज उभा राहिला तरी दिवस धरला जातो." आणि वडिलांकडे वळून, "या प्रश्नावर आम्हीही करार करताना दोन महिने भांडलो, तेव्हा तो सुटला. तुम्ही काय करता?"

"ऊस तोडतो."

ठरावाला हात वर करायची वेळ आली. वडिलांनी हात वर केला. मोजणाऱ्यानं इतरांसारखाच तोही एक म्हणून मोजला.

परतीच्या गाडीत ते एवढंच बोलले, "हुभ्याचं बी देत्यात. धंदा खरा हाय."

दसऱ्याच्या आधी मामा मोसमाची आगाऊ उचल घेऊन आला. पैसे त्यानं घोंगडीवर ठेवले. "बोला दाजी, कोयता धरू का?"

वडिलांनी पैसे त्याच्याकडे सरकवले. "न्हाई. आता मी लेकीकडं जानार. माझं माझ्यापुरतं येतंय."

"समुद्रातनं?"

"व्हय, समुद्रातनं."

लाभांश त्यांच्या तंबाखूला आणि आईच्या चहासाखरेला पुरेल एवढाच होता. बाकी घर माझ्या पगारावर चालायचं. पण घास उतरायला तेवढं पुरलं. आई-वडील श्रीरामपुरात माझ्या दोन खोल्यांत राहायला आले, आणि त्या वर्षी मामाच्या टोळीत एक कोयता कमी होता.