शिस्तीची वाट

कर्जतला मी शाळेत चित्रकला शिकवत होतो. अक्षर बरे होते, म्हणून गावातल्या सगळ्या पाट्या माझ्याकडेच यायच्या. त्या वर्षी स्टेशनाजवळची मोडकळीस आलेली बाग पंचमंडळींनी नव्याने करायला घेतली. झुडपे तोडली, मुरूम टाकून चार वाटा आखल्या आणि वाटांना नावे द्यायचे ठरले.

पंच पाच जण. प्रत्येकाला आपल्या वडिलांचे नाव हवे होते. तीन बैठका भांडणात गेल्यावर तोड निघाली, की माणसांची नावे नकोत, प्रत्येकाने एकेक सद्गुण सुचवावा. सत्य, दया, क्षमा, शांती आणि शिस्त अशी नावे आली. मी पाचही पाट्या रंगवून नेल्या, तेव्हा कुठे कुणीतरी वाटा मोजल्या.

शिस्त सुचवणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते. ते मागे हटेनात. शेवटी झेंडूचा वाफा मोडून पाचवी वाट काढली. ती सरळ जाऊन कुंपणाच्या भिंतीला थडकत होती.

मी पाटी रोवत होतो, तेव्हा ठाकूरवाडीकडची एक बाई डोक्यावर मोळी घेऊन तिथे आली. बाजाराला जवळची वाट म्हणून ती नेहमी बागेतून जायची. तिने मला विचारले, "मास्तर, ही वाट कुटं जाते?"

"कुठंच नाही. भिंतीपाशी संपते."

"मंग पाटी कशाला?"

ती मोळी सावरत दुसऱ्या वाटेने गेली.

तिचा प्रश्न मी बैठकीत सांगितला. वाटले होते, वाट बुजवतील. मंडळींनी बराच वेळ विचार केला आणि भिंतीवर आणखी एक पाटी लावायचा ठराव केला. 'येथून परत फिरावे.' तीही मीच रंगवली, आणि खरे सांगतो, झोकदार रंगवली.

महिन्याभराने प्रांतसाहेब बाग पाहायला आले. गार्डसाहेबांनी त्यांना नेमके शिस्तीच्या वाटेने नेले. साहेब भिंतीपर्यंत गेले, पाटी वाचली, परत फिरले. मागची सगळी मंडळीही फिरली. साहेब म्हणाले, बागेत सूचना इतकी मुकाट्याने पाळलेली त्यांनी कुठे पाहिली नव्हती. हे त्यांनी शेरेबुकातही लिहिले.

झाले. उरलेल्या चौघांनाही तीच पाटी आपापल्या वाटेवर हवी झाली. मी म्हणालो, त्या वाटा तर पलीकडे निघतात, तिथून परत का फिरायचे? कुणी ऐकले नाही. आठवड्यात चार पाट्या तयार झाल्या. त्या वाटेच्या शेवटी लावायच्या होत्या, पण माळ्याला शेवट कोणता ते कुणी सांगितले नव्हते. त्याने त्या फाटकाशीच, प्रत्येक वाटेच्या तोंडावर ठोकल्या.

लोक आत यायचे, पाटी वाचायचे आणि घरी जायचे. बाग इतकी स्वच्छ राहू लागली, की पंच खूश झाले.

पावसाळ्याआधी मी एकदा गेलो, तर माळी पाण्याची घागर घेऊन दयेच्या वाटेवरून पाठमोरा, एकेक पाऊल मागे टाकत आत चालला होता. मी कारण विचारले.

"पाटीवर परत फिरा लिवलंय म्हनं," तो म्हणाला. "म्हनून मी फिरूनच आत जातो."

त्याला हसावे की त्याची क्षमा मागावी, मला कळेना. मी त्याची घागर धरली आणि त्याच्यासारखाच पाठमोरा आत गेलो.