अन्नछत्राचा नेम

आज चुलीवर कण्या करपल्या आणि त्या वासानं कराडचं अन्नछत्र आठवलं. लढाईच्या महागाईत ते देवळाच्या ओवरीत चालायचं. मी तिथं वाढपी होतो. माणशी दोन पळ्या कण्या, त्याही तिथंच बसून खायच्या. घरी नेलेलं अन्न विकलं जाईल, म्हणून तो नेम.

पलटणीत गेलेल्या एका शिपायाची बायको भांडं घेऊन आली. "आत्याबाई अंथरुणाला खिळल्यात. त्यांच्यापुरतं न्हेऊ द्या."

छत्र चालवणारे अण्णा म्हणाले, "इथं सगळ्यांच्याच सासवा आजारी असतात. पुढं हो."

धान्य मोजकंच होतं, त्यामुळं तेव्हा मला ते रास्त वाटलं. आज वाटतं, ज्याला चालता येतं त्याचीच भूक त्या नेमात धरली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं सासूला पाठुंगळी आणलं, पंगतीत बसवलं आणि सगळ्यांदेखत भरवलं. म्हातारी घासागणिक धापा टाकत होती. अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून भांडं आण."

"न्हाई आवं," सासूला पाठीवर घेत ती म्हणाली. "उद्या बी ह्यास्नीच आणते. तुमचा नेम गावाला बघू दे."

सुगीपर्यंत ती रोज तशीच आली. अण्णांनी मात्र ओवरीत यायचं सोडलं.